मिसरीचं बोट

मुलीचा दात हलतोय हे मला कळलं ते कैरीमुळे. ती तेव्हा सातवीत होती. शाळेतून येऊन पडवीत बसली होती आणि मीठ लावून कैरीची फोड खात होती. खाता खाता थांबली, फोड तोंडातून काढली आणि जिभेने आतल्या आत काहीतरी चाचपत राहिली. मी समोरच तांदूळ निवडत होते. फोडीच्या पांढऱ्या कडेला लाल रेघ उठलेली मला तिथून दिसली. मी बघतेय हे लक्षात येताच तिने फोड मुठीत लपवली.

"दुखतंय का गो?" मी विचारलं.

"नाय," ती म्हणाली.

ते 'नाय' ऐकून मी सूप खाली ठेवलं. दुखलं असतं तर बरं झालं असतं. दुखणारा दात किडलेला असतो, तो एकटाच जातो. न दुखता हलणारे दात मला ठाऊक होते. माझे पुढचे सगळे दात असेच गेले होते. एक दिवस भाकरी तोडताना कळलं की दात हलतोय. मग शेजारचा हलू लागला, मग त्याच्या शेजारचा. मुलगी धड चालायलाही लागली नव्हती तेव्हा माझं तोंड पुढून रिकामं झालं होतं. तेव्हापासून मी तोंडावर पदर धरून बोलते. आधीच मी कमी बोलणारी, त्यात हे. पुढे पुढे पदर धरायलाही लागायचा नाही, कारण मी बोलतच नसे.

माझ्या आईला दात होते असं मला आठवतच नाही. थोरल्या बहिणीचेही लग्नानंतर गेले. माझं लग्न ठरलं तेव्हा माझे दात जागेवर होते, म्हणून कुणी काही विचारलं नाही. पुढे ते पडायला लागले तेव्हा सासरी सगळ्यांना माझी आई आठवली. हे माहेरचं आहे, असं ठरून गेलं. मलाही तसंच वाटायचं. मी कुणाला काय सांगणार?

आमचं घर पावसच्या बाजूला, रस्त्यापासून आत. मालक मुंबईला नोकरीला, घरी सासूबाई, मी आणि मुलगी. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. आत्यांचे दात सगळ्या वाडीत प्रसिद्ध होते. नातीला शाळेत घातली तरी त्या अख्खी सुपारी दाढेखाली फोडायच्या. दात मिसरीने काळे झालेले, पण एकही हललेला नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, पाट्यावर वाटायची आणि पत्र्याच्या डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्यावर पडवीच्या पायरीवर बसून त्या मिसरी लावायच्या. बोट डबीत, बोट तोंडात, पुन्हा डबीत. शेजारणी आल्या की त्याच डबीत त्यांचीही बोटं. उष्ट्याखरकट्याचं आत्यांना फार होतं, माझ्या तांब्याला त्या हात लावत नसत, पण मिसरीची डबी कुणाला कधी उष्टी वाटली नाही. मलाही नाही.

आत्यांच्या दातांमुळे आमच्या वाडीत एक रीत पडली होती. कुणाच्या बाळाच्या हिरड्या शिवशिवू लागल्या, बाळ हातात येईल ते चावू लागलं, की आई त्याला घेऊन आत्यांकडे यायची. येताना एक नारळ आणायची. आत्या बाळाला उगवतीकडे तोंड करून मांडीवर आडवं घ्यायच्या. आधी स्वतःच्या दातांवरून मिसरीचं बोट फिरवायच्या, मग तेच बोट पुन्हा डबीत बुडवून बाळाच्या हिरडीवर हळूच चोळायच्या आणि म्हणायच्या, "माज्यासारखे येऊ देत." बाळ तोंड वाकडं करायचं, सगळ्या हसायच्या. पहिलं बोट आत्यांचं, असं म्हणायची पद्धतच होती. खालच्या वाडीतूनही बायका यायच्या. आत्यांना त्याचा मोठा मान वाटायचा आणि तो होताही.

माझ्या मुलीच्या वेळी तर घरचीच नात. तिचं एका दिवसावर भागलं नाही, दात येईपर्यंत रोज सकाळी मिसरीचं बोट मिळायचं. आणि मला ताकीद होती. लेकीचा मुका घ्यायचा नाही. माझ्या ताटातलं द्यायचं नाही. तिच्या पेजेवर फुंकर घालायची नाही. माझा तांब्या वेगळा होता. मी हे सगळं मनापासून पाळलं, कारण मला स्वतःचीच भीती वाटायची. लेक झोपली की मी तिच्या तळपायांवर गाल ठेवायची. तेवढं चालेल असं माझं मीच ठरवलं होतं.

म्हणून दात हलायला लागला तेव्हा आत्या एवढंच म्हणाल्या, "येवढी जपली, तरी आईच्या वळणावर गेलीच."

मी आठवू लागले, माझ्याकडून कधी काय झालं असेल. मुलगी लहान असताना एकदा तापाने फणफणली होती. आत्या नणंदेकडे गेल्या होत्या. पेज गरम आहे का बघायला मी चमचा ओठाला लावला होता, एवढं आठवलं. पुसला होता का नंतर? ते काही केल्या आठवेना. दळताना, पाणी भरताना, गवत कापताना तो चमचा माझ्या डोळ्यांसमोर यायचा. मी मनात त्याला पुसायची, धुवायची, पण तो चमचा तिच्या ओठांकडे जायचाच.

घरात सगळे उपाय झाले. तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, जांभळीच्या सालीचा काढा झाला. आत्यांनी मिसरी वाढवली. रोज दोनदा नातीला पुढ्यात घेऊन त्या आपल्या हाताने चोळायच्या. मे महिन्यात मालक घरी आले आणि त्यांनी मुलीचं तोंड उजेडाकडे करून बघितलं. तेव्हा खालचे दोन दात हलत होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीने आम्ही रत्नागिरीला गेलो. आत्याही आल्या, कारण मुलगी परक्यासमोर तोंड उघडायची ती आजीने हनुवटी धरली तरच.

डॉक्टरीण तरुण होती, मुंबईला शिकून नुकतीच आपल्या गावी परत आलेली. दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास होता. तिने बराच वेळ बघितलं. बारीक सळईने प्रत्येक दाताच्या कडेला टोचून बघितलं. मग दाढांचा आणि पुढच्या दातांचा फोटो काढला. तो खिडकीकडे धरून तिने मला दाखवला. दातांच्या मुळांशी काळी पोकळी दिसत होती. पावसाने बांधाची माती वाहून गेली की झाडाची मुळं उघडी पडतात, तसं.

"दात स्वच्छ आहेत, कीड नाही," ती म्हणाली. "तरी हाड झिजलंय. एवढ्या लहान वयात असं फार थोड्या मुलांना होतं."

मग ती माझ्याकडे वळली आणि मला तोंड दाखवायला सांगितलं. माझा हात पदरावरून खाली येईना.

"दाखव की गो," आत्या म्हणाल्या. "सगळ्या वाडीला ठाऊक हाय, डाक्टरणीपासून काय लपवतेस?"

मी पदर काढला. डॉक्टरणीने बघितलं, पण चेहरा तसाच ठेवला. त्याबद्दल मी अजून तिची आठवण काढते.

तिने आम्हाला बसवून नीट सांगितलं. हिरडी आणि दात यांच्या फटीत जंतू राहतात. पुष्कळ प्रकारचे असतात, त्यातले थोडेच वाईट. मुलीच्या बाबतीत तिला एका जातीच्या जंतूचा संशय होता. तो बारीक काडीसारखा दिसतो आणि वारा लागला की मरायला टेकतो. मुंबईत तिचे शिकवणारे सर त्यावरच काम करत होते. पूर्वी भिंगातून बघायचे, कसा दिसतो, कशावर वाढतो, यावरून त्याला नाव द्यायचे. पण सारखे दिसणारे सारखे असतातच असं नाही. आता नवी रीत निघाली होती. जंतूच्या आत एक फार लांब, बारीक धागा असतो. आई-बापाकडून मुलाकडे जातं तसं त्याचं सगळं त्या धाग्यातून पुढे जातं. तो धागा बाहेर काढून एका औषधाने ठराविक ठिकाणी तोडतात. तुकडे लांबीप्रमाणे मांडले की पट्टे उमटतात. दोन माणसांच्या तोंडातल्या जंतूंचे पट्टे जुळले, तर तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला असं म्हणता येतं.

मला ते कळलं. आमच्या सासऱ्यांनी कलमं बांधलेली मी पाहिली होती. रोपं लहान असताना सगळी सारखीच. पानं बघून कुठलं हापूसचं आणि कुठलं रायवळ हे कुणाला सांगता येत नाही. काडी कुठल्या झाडाची हे बांधणाऱ्यालाच ठाऊक. म्हणजे आता या जंतूची काडी कुठल्या झाडाची हे मुंबईत कळणार होतं. माझ्या मनात चमचा आला.

डॉक्टरणीने घरातल्या सगळ्यांच्या हिरड्यांतलं थोडं थोडं घ्यायचं ठरवलं. मुलीचं, माझं, मालकांचं. "आणि आजींचं," ती म्हणाली.

"माजा कशाला?" आत्यांनी दात दाखवले. "हे बग आणि मग बोल. तुज्यापेक्षा बरे हायत."

"म्हणूनच हवंय, आजी."

आत्या हसल्या. त्यांना वाटलं, चांगल्या दातांचा नमुना म्हणून मागतेय. त्या दिवशी आम्ही सगळे खाऊनपिऊन आलो होतो, म्हणून घेण्यासारखं नव्हतं. सकाळी दात न घासता, चूळ न भरता, काही न खाता यायचं, असं तिने बजावलं आणि दोन दिवसांनी बोलावलं. त्या दिवशी मालकांनी, मी आणि मुलीने चूळसुद्धा भरली नाही. आत्यांनी मात्र पहाटे उठून रोजच्यापेक्षा जास्त मिसरी लावली, वर मिठाच्या पाण्याने खळखळून गुळण्या केल्या. डॉक्टरणीने तोंड उघडायला सांगितल्यावर हे कळलं.

"आजी, सांगितलं होतं ना?"

"बाय, मिसरी म्हंजे काय दात घासणा न्हवं. आणि लोकांच्या दारात जायचा ते पारोशा तोंडानं जाऊ होय?"

डॉक्टरणीने कपाळाला हात लावला, पण हसली. आमच्या तिघांच्या हिरड्यांत तिने कागदाच्या बारीक टोकदार काड्या थोडा वेळ सरकवून ठेवल्या, मग त्या छोट्या बाटल्यांत घालून बुचं घट्ट लावली. त्याच संध्याकाळी तिचा भाऊ त्या थर्मासात घालून मुंबईला घेऊन गेला. आत्यांना पुढच्या आठवड्यात परत जावं लागलं. त्या सकाळी मिसरी नाही म्हणून त्यांचं डोकं चढलं होतं. एस्टीत कंडक्टरशी भांडल्या, पुढच्या बाईच्या टोपलीवर रागावल्या. काड्या तोंडातून निघाल्या तशा त्यांनी कनवटीची डबी बाहेर काढली.

मग पाऊस लागला आणि वाट बघणं सुरू झालं. डॉक्टरणीने उपचार थांबवले नव्हते. मुलीला गोळ्या दिल्या, हिरडी उघडून आतली घाण काढली. दर वेळी मी बाहेर बाकावर बसून राहायची. आतून तिचा आवाज यायचा नाही. माझीच मुलगी, ओरडत नसे.

त्याच पावसाळ्यात मालकांची बहीण, माझी नणंद, मुंबईहून भाताच्या लावणीला आली. सगळं ऐकून घेतलं आणि जेवताना सहज म्हणावं तसं म्हणाली, "तपासणीचा जबाब येऊ दे. वैनीचाच निघाला, तर पोरीला मी घेऊन जातंय. शाळा तिकडं करील. लगीन होईपर्यंत ऱ्हाईल माज्याकडं. हितं ठेवून तोंडाचा वाटोळा कशाला करायचा?"

मालकांचं पुढच्या पत्रात आलं की ताई म्हणते ते बरोबर वाटतं. त्यात रागाचं काही नव्हतं. मुलीचं भलं व्हावं एवढंच सगळ्यांना हवं होतं. म्हणूनच मला बोलता येईना. माझं निघालं तर मुलगी जाणार, आणि जावी असं मलाही म्हणावं लागणार.

त्या दिवसांत मी तिच्यापासून आणखी लांब राहू लागले. तिचे केस विंचरतानाही श्वास रोखून धरायची. तिला ते कळायचं. एकदा तिने विचारलं, "आई, तू माज्यावर रागावलीस?" मी नाही म्हटलं आणि चुलीकडे वळले.

नवरात्र झाल्यावर डॉक्टरणीचा निरोप आला. आत्यांचे गुडघे धरले होते, म्हणून मी आणि मुलगी दोघीच गेलो. एस्टीत मी तिचा हात धरला. ती आता मोठी झाली होती, तिला ते बरं वाटलं नसावं, पण तिने हात सोडवून घेतला नाही. मी मनात तिचे कपडे कुठल्या पिशवीत भरायचे ते ठरवत होते.

डॉक्टरणीने मुलीला बाहेर बसवलं आणि मला आत घेतलं. टेबलावर एक फोटो ठेवला. काळ्यावर पांढरे आडवे पट्टे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे, शेजारी शेजारी तीन रांगा. मालकांच्या तोंडात तो जंतू सापडलाच नव्हता, म्हणून त्यांची रांग नव्हती. तिने पहिल्या रांगेवर बोट ठेवलं. "ही मुलीची." मग मधल्या रांगेवर. "ही तुमची."

मी बघितलं. माझे पट्टे वेगळे होते. जिथे मुलीचा जाड पट्टा होता तिथे माझ्या रांगेत काळी जागा होती. खाली दोन पट्टे चिकटून होते, ते तिच्यात नव्हते. मला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, पण दिसत होतं.

"तुमच्याकडून गेलेला नाही, ताई."

मी टेबलाची कड धरली. चमचा डोळ्यांसमोर आला आणि पहिल्यांदाच तो नुसता चमचा दिसला.

मग माझी नजर तिसऱ्या रांगेवर गेली. ती बघायला मला कुणी सांगावं लागलं नाही. पहिल्या रांगेतला प्रत्येक पट्टा तिथे होता, त्याच उंचीवर. जाडाच्या जागी जाड, बारकाच्या जागी बारीक.

"आजी तिला लहानपणी काही चावून भरवायच्या का?" डॉक्टरणीने विचारलं.

"नाय," मी म्हणाले. "मिसरी लावायच्या. बोटानं."

तिने तिसऱ्या रांगेवरून बोट फिरवलं. मग तिने समजावलं, की हा जंतू तोंडात असलेल्या सगळ्यांनाच आजार होतो असं नाही. काहींचं शरीर त्याला आवरून धरतं, आजींचं तसं आहे. त्यांना तो आहे हेसुद्धा कळलं नसतं. मुलीचं शरीर तसं नाही, ते कदाचित माझ्याकडून आलं असेल, कदाचित नसेल, त्याचं अजून कुणाला नीट सांगता येत नाही. पण आजींच्याही हिरड्या साफ कराव्या लागतील, आणि ते बोट थांबायला हवं. नाहीतर मुलीवरचा उपचार फुकट जाईल.

"घरी तुम्ही सांगाल ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. मान हलवणं मला सोपं जातं.

बसमध्ये मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी वाकून तिच्या केसांवर ओठ टेकले. ती जन्मल्यापासून पहिल्यांदा. आणि मग आठवलं, घरी जाऊन आत्यांना सांगायचं होतं. ज्या दातांचा त्यांना एवढा मान, त्याच दातांच्या फटीत हे होतं असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? कोण माझ्यावर विश्वास ठेवणार? पडक्या दातांच्या सुनेने आपलं सासूवर ढकललं, असंच सगळे म्हणाले असते. नणंद तर नक्की म्हणाली असती.

मी सांगितलं नाही. आत्यांनी विचारलं तेव्हा जबाब अजून पुरा आला नाही असं म्हटलं. सकाळ-संध्याकाळ मात्र त्या डबी काढायच्या आत मी मुलीला काहीतरी कामाला पाठवायची. असे काही दिवस गेले. जबाबाआधी माझा जीव मुलीसाठी घाबरा व्हायचा, आता आत्या पायरीवर बसल्या की व्हायचा.

मग एका सकाळी शेजारच्या घरातली सून तान्हं बाळ आणि नारळ घेऊन आमच्या दारापुढच्या खळ्यात आली. बाळाची लाळ गळत होती, मूठ तोंडात होती. आत्या खूश झाल्या. उगवतीकडे तोंड करून बसल्या, बाळाला मांडीवर घेतलं. मी गोठ्याच्या दाराशी शेणाची पाटी घेऊन उभी होते. त्यांनी बोट डबीत घातलं, आपल्या दातांवरून फिरवलं, पुन्हा डबीत घातलं. बाळाने आ केला.

"आत्या, नको."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. आत्यांनी वर बघितलं. बोट तसंच बाळाच्या ओठांजवळ होतं.

"काय नको?"

मी पाटी खाली ठेवली. मी जवळ गेले आणि सगळं सांगितलं, फोटो, पट्टे, रांगा. नीट सांगता आलं नाही. मधेच थांबले, पुन्हा मागून सुरू केलं. पदर कधी सुटला ते कळलं नाही. शेजारची सून माझ्या तोंडाकडे आणि आत्यांच्या बोटाकडे आळीपाळीने बघत होती.

आत्यांचा चेहरा आधी लाल झाला. "तुज्या तोंडातला माज्या तोंडात घालतेस काय गो?" त्या म्हणाल्या. "माजा एक तरी दात हललाय?"

"नाय हलला, आत्या. तुमाला होत नाय. ज्याला होतो त्याला होतो. पट्टे मी डोळ्यांनी बगितले."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. सून म्हणून मी घरात आले तेव्हापासून मी त्यांना उलट बोलले नव्हते, आणि जबाब आला नाही म्हटलं ते सोडलं तर खोटंही. हे त्यांना ठाऊक होतं. मला वाटतं, माझ्या सांगण्यापेक्षा तेच त्यांना पटलं असावं. त्यांनी बोट मागे घेतलं. त्या काळ्या बोटाकडे बघितलं आणि लुगड्याला पुसलं, मग पुन्हा पुसलं. बाळाला आईकडे दिलं. ती सून नारळ न ठेवताच घाईने निघून गेली.

त्या दिवशी आत्या जेवल्या नाहीत. मला वाटलं, आता नणंदेला बोलावणं जाईल. पण त्यांनी कुणाला बोलावलं नाही. पुढच्या खेपेला त्या आमच्याबरोबर एस्टीत बसल्या आणि डॉक्टरणीसमोर कुणी न सांगता आ केला. नातीला हात लावेनाशा झाल्या. ती जवळ गेली की त्या बाजूला सरकायच्या. आपला तांब्या त्यांनी वेगळा करून कोपऱ्यात ठेवला, माझ्या तांब्याच्या शेजारी. तो तिथे बघून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माझी भीती मी इतकी वर्षं सांभाळली होती, ती मला चेहऱ्याने ओळखू येत होती. आता ती त्यांच्या तोंडावर दिसत होती.

आणि त्यांची भीती माझ्यापेक्षा मोठी होती. माझी एकाच मुलीपुरती होती. एकदा माझ्याबरोबर काजूच्या बिया वाळत घालताना त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "गो, ह्या वाडीत माजा बोट कुणाकुणाला लागलाय, ठाऊक हाय तुला?"

"सगळ्यांना होत नाय, आत्या. डाक्टरीण म्हणाली."

"पण कुणाला तरी होतोच ना?"

मी बिया पसरत राहिले.

त्यानंतर आत्या पोरांना हसवू लागल्या. पाणवठ्यावर, शाळेच्या वाटेवर, देवळाच्या पायऱ्यांवर, पोरं दिसली की त्या काहीतरी वेडंवाकडं बोलायच्या, बैलासारखा आवाज काढायच्या, कुणाच्या चड्डीला नावं ठेवायच्या. पोरं खो खो हसायची. हसताना तोंडं उघडायची, आणि आत्या बघून घ्यायच्या. म्हातारी आताशा लय गमती झालीय, असं वाडीत बोलायला लागले. मी मागे घागर घेऊन उभी असायची. काय बघायचं हे त्यांना मीच शिकवलं होतं, हिरडी सुजलेली आहे का, समोरच्या दोन दातांत नवी फट आलीय का. बघून झालं की त्या तिरप्या नजरेने माझ्याकडे बघायच्या. मी मान हलवली की पुढे जायच्या.

घरी मुलीचं बरं चाललं होतं. एक दाढ गेली, ती काढावीच लागली. पुढचे दात मात्र हिरडीने पुन्हा धरले. त्यातला एक थोडा तिरका राहिला. जबाब काय आला ते नणंदेला मालकांनीच कळवलं. पोरीला न्यायचं पुन्हा कुणी काढलं नाही.

मग एकदा वरच्या घरातली एक मुलगी हसली. माझ्या मुलीपेक्षा वर्षभराने लहान. लहानपणी नारळ देऊन मिसरी लावलेल्यांपैकी. आत्यांनी तिच्या रिबिनीला काहीतरी नाव दिलं, ती डोकं मागे टाकून हसली आणि तिच्या खालच्या दातांत फट दिसली. हिरडी गर्द लाल होती. आत्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी मान हलली नाही.

त्या हसत्या चेहऱ्यानेच घरापर्यंत आल्या आणि पायरीवर बसून राहिल्या. त्यांच्याच्याने त्या घरी जाणं होणार नव्हतं. पहिलं बोट आत्यांचं, असं म्हणत ज्या आईने पोरगी त्यांच्या मांडीवर ठेवली होती, तिच्या दारात त्या काय सांगणार? वाडी उद्या काय म्हणेल याचा विचार त्या करत होत्या. मीही करत होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. त्या घरी मी याआधी हळदीकुंकवालाच गेले होते, तेही न बोलता. मुलीची आई खळ्यात भात झोडत होती. मला बघून थांबली आणि काय काम काढलंस म्हणून विचारलं. मी सुरुवात केली, पण शब्द पदरातच अडकले. ती म्हणाली, नीट ऐकू येत नाही, काय ते मोठ्याने सांग.

मी पदर तोंडावरून खाली घेतला आणि तोंड उघडलं. "तुज्या पोरीचे दात बग," मी म्हणाले. "माजेही असेच सुरू झाले होते. अजून वेळ हाय. मी तुज्याबरोबर रत्नागिरीला येते."

ती बाई माझ्या रिकाम्या हिरडीकडे बघत राहिली. मग भाताची पेंढी तिच्या हातातून खाली पडली आणि तिने घराकडे तोंड करून मुलीला हाक मारली.